उन्हाळी सेवेचा ताळेबंद

मे महिन्यात अमेरिका आणि युरोपातील विद्यापीठांच्या परीक्षा संपत येतात आणि तेथील अनेक विद्यार्थी एका वेगळ्या प्रवासाच्या तयारीला लागतात. हा प्रवास निव्वळ पर्यटनाचा नसतो, तसाच निव्वळ शिक्षणाचाही नसतो. सहा-आठ आठवडे परक्या देशात राहायचे, सकाळी तेथील भाषेचा वा समाजजीवनाचा अभ्यास करायचा आणि उरलेल्या वेळात एखाद्या शाळेत, दवाखान्यात अथवा बांधकामावर विनावेतन काम करायचे, असा त्याचा ठरलेला साचा असतो. केनिया, पेरू, नेपाळ, कंबोडिया आणि भारत ही त्याची नेहमीची ठिकाणे. अलीकडे मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांतील मुलेमुलीही सुट्टीत याच वाटेने परदेशी जाऊ लागली आहेत. म्हणजे या व्यवहारात महाराष्ट्र यजमानही आहे आणि पाहुणाही. दोन्ही बाजूंनी विचार करण्याची सोय त्यामुळे येथील वाचकाला आपोआपच लाभली आहे.

जाणाऱ्याची तयारी साधारणतः एका यादीने सुरू होते. पासपोर्टची मुदत, व्हिसा, विमा, तिकीट, परकीय चलन. त्यानंतर लशी. पीतज्वराचा धोका असलेल्या देशात जायचे तर लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, कारण तिचे प्रमाणपत्र त्यानंतरच ग्राह्य धरले जाते. मग औषधांची पिशवी, पाण्याची बाटली, मच्छरदाणी आणि चांगले बूट. खर्च मोठा असल्याने नातेवाइकांकडून आणि परिचितांकडून वर्गणी गोळा करण्याची पद्धतही पाश्चात्त्य देशांत रूढ आहे. या यादीतील प्रत्येक बाब आवश्यक आहे आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु ही सारी यादी जाणाऱ्याच्या सुरक्षिततेची आणि सोयीची आहे. ज्याच्या दारात तो जाऊन उभा राहणार, त्याच्यासंबंधी तिच्यात एकही प्रश्न नाही. तयारी अपुरी राहते ती येथे.

कुदळ-फावड्यापासून आरंभ

अशा सेवेची परंपरा जुनी आहे आणि तिचा आरंभ आदरणीय आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, पिएर सेरेसोल या स्विस शांततावाद्याने फ्रान्समधील व्हर्दंजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात स्वयंसेवकांची छावणी उभारली. कालपर्यंत शत्रू असलेल्या जर्मनीचे तरुणही तिच्यात होते. जर्मनांच्या उपस्थितीला विरोध झाला आणि काही महिन्यांतच काम आवरते घ्यावे लागले. पण त्यातूनच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही चळवळ जन्माला आली. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला, तेव्हा सेरेसोल भारतात आले. राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखाली तेथे मदतकार्य चालू होते. १९३७ पर्यंत पुन्हापुन्हा येऊन सेरेसोल आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी पुराच्या तडाख्यात सापडणारी खेडी सुरक्षित जागी नव्याने वसविण्याच्या कामात हातभार लावला. पुढे १९५०च्या दशकात याच चळवळीचे स्वयंसेवक बाबा आमट्यांच्या आनंदवनातही राबून गेले. कुष्ठरोग्यांच्या वस्तीकडे आपल्याच समाजाने पाठ फिरविलेली असताना परदेशी तरुणांनी तेथे माती वाहिली, हे महाराष्ट्राने विसरता कामा नये.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारे आणि मोठ्या संस्था या क्षेत्रात उतरल्या. १९५८ साली अलेक आणि मोरा डिक्सन या दांपत्याने ब्रिटनमध्ये ‘व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज’ सुरू केली. आरंभी ती शाळा संपविलेल्या अठरा वर्षांच्या मुलांना परदेशी पाठवीत असे. पण उत्साह हे कौशल्य नव्हे, हे लवकरच ध्यानात आले आणि संस्था प्रशिक्षित, अनुभवी माणसांकडे वळली. १९६१ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी ‘पीस कोअर’ स्थापन केली. तिच्यात भाषा आणि काम यांचे सुमारे तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि त्यानंतर दोन वर्षांची सेवा, असा दंडक होता. १९६१ ते १९७६ या काळात तिचे स्वयंसेवक भारतात होते. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर या त्यांपैकीच एक. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, १९६६ साली, त्या मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत आल्या आणि सुमारे दोन वर्षे राहिल्या. त्या प्रशिक्षित परिचारिका होत्या. तेथील दवाखान्याला परिचारिकेचा उपयोग होता आणि काम अंगवळणी पडण्याइतका अवधी त्यांच्यापाशी होता.

कौशल्य, अवधी आणि यजमानाची खरी गरज या तीन गोष्टी जेथे जुळल्या, तेथे परदेशी स्वयंसेवेने काही कमावले. आजच्या उन्हाळी कार्यक्रमात अवधी आठवड्यांवर आला आहे, कौशल्याची अट बहुधा उरलेली नाही आणि गरज कोणाची हे स्पष्ट नाही. नाव मात्र सेवेचेच राहिले आहे.

ग्राहक कोण?

अर्थशास्त्राचा एक साधा प्रश्न येथे विचारणे उपयोगी ठरते: या व्यवहारात पैसे कोण देतो? स्वयंसेवक श्रम फुकट देतो हे खरे. पण ते श्रम देता यावेत म्हणून तो मध्यस्थ संस्थेला फीही भरतो. जो पैसे भरतो तो ग्राहक. आणि ग्राहकाला जे हवे तेच बाजार पुरवितो, हा नियम सेवेच्या बाजारालाही लागू आहे. ग्राहकाला थोडक्या दिवसांत, विशेष तयारीविना, डोळ्यांना दिसेल असे आणि मनाला समाधान देईल असे काम हवे असते. मग तसे काम निर्माण केले जाते. विहिरीच्या पाण्याची तपासणी, ग्रामपंचायतीचे हिशेब, अंगणवाडीतील मुलांची दरमहा वजने ही कामे अधिक निकडीची असली तरी त्यांना गिऱ्हाईक नसते. भिंत रंगविणे आणि लहान मुलांशी खेळणे यांना असते.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहावा. समजा, पंधरा विद्यार्थी तीन आठवड्यांसाठी एका खेड्यात शाळेची खोली बांधायला गेले. प्रत्येकाचा विमानप्रवास दीड लाख रुपयांचा आणि कार्यक्रमाची फी एक लाख रुपयांची धरली, तर एकूण खर्च साडेसदतीस लाखांचा होतो. त्यांपैकी साडेबावीस लाख तर विमान कंपन्यांकडेच जातात. आता त्याच खोलीसाठी गावातले पाच गवंडी आणि दहा मजूर अठरा दिवस लावले, गवंड्याला हजार आणि मजुराला सहाशे रुपये रोज दिला, तर मजुरीचा खर्च दोन लाखांच्या आत राहतो. भिंत ओळंब्यात येते, पंधरा कुटुंबांच्या घरी अठरा दिवसांची मजुरी जाते आणि पुढच्या वर्षी भिंतीला तडा गेला तर ती दुरुस्त करणारा माणूस गावातच असतो. ज्या देशात हातांना काम नाही, त्या देशात फुकटचे हात नेऊन पोहोचविण्यात कोणते औदार्य आहे, याचा विचार निघण्यापूर्वी करायला हवा.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. हे साडेसदतीस लाख रुपये शाळेसाठी म्हणून कधी जमलेच नसते. ते जमले ते मुलांना जायचे होते म्हणूनच. शिवाय फीतील काही भाग गावात खर्च होतो; राहण्या-जेवण्याची व्यवस्था करणाऱ्या घरांना चार पैसे मिळतात. हे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु तसे असेल तर या प्रवासाला त्याच्या खऱ्या नावाने ओळखावे. विद्यार्थी पाहण्यासाठी आणि शिकण्यासाठी जातो, त्याचे मोल चुकते करतो आणि त्या मोलातून यजमानाला उत्पन्न मिळते, हा अगदी सभ्य व्यवहार आहे. त्याला उपकाराचा मुलामा दिला की हिशेब विचारण्याची दोघांनाही चोरी होते. देणारा विचारीत नाही, कारण त्याने दान केले आहे. घेणारा विचारीत नाही, कारण त्याने दान घेतले आहे. मधल्यामध्ये फी किती गेली आणि गावात किती पोहोचली, हे गुलदस्त्यातच राहते.

मुलांचा बाजार

भिंत वाकडी झाली तर पाडता येते. मुलांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. अनाथालयात जाऊन मुलांना शिकविणे आणि त्यांना माया लावणे, हा या उन्हाळी कार्यक्रमांतील सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत घातक प्रकार ठरला आहे. कंबोडियाचे उदाहरण या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारे आहे. तेथे २००५ ते २०१० या पाच वर्षांत अशा निवासी संस्थांची संख्या १५४ वरून २६९ वर गेली. नरसंहाराचा काळ मागे पडून पाव शतक लोटले होते, तरीही अनाथालये वाढत होती. तेथील सरकार आणि युनिसेफ यांच्या २०११ च्या अभ्यासात असे आढळले की, या संस्थांतील सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचे आई-वडील दोघे किंवा त्यांपैकी एक जण हयात होते. मुले अनाथ नव्हती, गरीब होती. परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांवर संस्था चालतात आणि संस्था चालायच्या तर त्यांत मुले हवीत. शिक्षणाच्या आणि पोटभर अन्नाच्या आशेने खेड्यातील आईबाप मूल हवाली करतात. मागणीने पुरवठा निर्माण केल्याचे याहून क्रूर उदाहरण शोधून सापडणार नाही.

त्यातही दर तीन आठवड्यांनी नवा ‘दादा’ आणि नवी ‘ताई’ येते, मुलांना जीव लावते आणि निघून जाते. आधीच घरापासून तुटलेले मूल पुन्हापुन्हा तुटत राहते. ही जाणीव आता जगातही होऊ लागली आहे. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, त्याआधीच्या संसदीय चौकशीत अनाथालये भरण्यासाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराचा स्वतंत्र विचार झाला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही डिसेंबर २०१९ च्या ठरावात अनाथालयांतील स्वयंसेवेमुळे मुलांना होणाऱ्या अपायाची दखल घेतली. तेव्हा जाणाऱ्याच्या तयारीतील पहिला नियम निरपवाद असावा: अनाथालयाचा कार्यक्रम असेल तर तो स्वीकारू नये. आणि जी संस्था मुलांमध्ये काम देताना पोलिसांचा दाखला मागत नाही, ओळखपाळख तपासत नाही, तिच्या दारातूनच मागे फिरावे. स्वतःच्या मुलांच्या शाळेत अनोळखी माणसाला कोणी थेट वर्गात सोडीत नाही. दुसऱ्याची मुले गरीब आहेत म्हणून हा नियम सैल होत नाही.

मग जाऊच नये काय?

१९६८ च्या एप्रिलमध्ये इव्हान इलिच या विचारवंत धर्मगुरूने, उन्हाळ्यात मेक्सिकोतील खेड्यांत सेवेसाठी जाण्याची तयारी करीत असलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर एक भाषण केले. त्यांच्या सद्‌हेतूंवर त्यांनी कठोर प्रहार केला. ज्यांची भाषा येत नाही अशांवर आपली मदत लादू नका. पाहायला या, डोंगर चढा, अभ्यास करा, पण मदत करायला येऊ नका, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. हे भाषण अनेकांना निष्ठुर वाटले. तथापि इलिच यांनी येण्याची बंदी घातली नव्हती. मेक्सिकोत कुएर्नाव्हाका येथे त्यांनी चालविलेल्या केंद्रात लॅटिन अमेरिकेत काम करू पाहणाऱ्या परदेशीयांना स्पॅनिश शिकविले जाई. आधी भाषा, मग बाकीचे, हा त्यांच्या कामाचाच क्रम होता.

याचा पडताळा महाराष्ट्रातही मिळतो. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील महाविद्यालयांच्या संघाने पुण्यात अनेक वर्षे अभ्यासक्रम चालविला. त्यातील विद्यार्थी मराठी शिकत आणि पुणेरी कुटुंबांत राहत. त्यांनी कोणाचा उद्धार केल्याचा दावा केला नाही आणि म्हणूनच त्यांना बरेच काही मिळाले. दुसरे उदाहरण जामखेडचे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प उभा केला. त्याचा कणा होता खेड्यातील अल्पशिक्षित, कित्येकदा निरक्षर बायकांचा. त्या आरोग्यसेविका झाल्या, बाळंतपणे सुखरूप करू लागल्या आणि गावाचे कुपोषण हटविण्याच्या कामाला लागल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज देशोदेशीचे विद्यार्थी जामखेडला येतात ते या बायकांकडून शिकण्यासाठी. परदेशी पदवीधर विद्यार्थी आणि त्याची गुरू नऊवारीतील खेडूत बाई, हे नाते सरळ आहे. त्यात कोणी कोणावर उपकार करीत नाही.

खऱ्या तयारीची यादी

तेव्हा जाणाऱ्याच्या यादीत काही बाबींची भर घालणे अगत्याचे आहे. पहिली भाषेची. निघण्यापूर्वी चार महिने रोज तासभर दिला तर कोणत्याही भाषेत चौकशी करणे, आभार मानणे, भाव विचारणे आणि मुख्य म्हणजे नकार समजून घेणे शक्य होते. यजमानाचा संकोच ज्याला कळत नाही, त्याला आपण अडचण झालो आहोत हेही कळत नाही.

दुसरी बाब ऋतूची. सुट्टीचे वेळापत्रक पाहुण्याच्या विद्यापीठाचे असते. यजमानाचे काम आभाळाच्या वेळापत्रकाने चालते. जून ते ऑगस्टमध्ये युरोप-अमेरिकेत उन्हाळा असतो, तेव्हा कोकणात आणि मावळात धुवाधार पाऊस असतो. त्या दिवसांत तिथे बांधकामे थांबतात आणि घरातली सारी माणसे भाताच्या लावणीला चिखलात उतरलेली असतात. अशा वेळी गावात बांधकामाचे काम सांगणारी संस्था पाहुण्याला फसवीत आहे, हे पंचांग पाहूनही समजावे. उलट, येथून एप्रिल-मे महिन्यात बाहेर जाणाऱ्यानेही तेथील शाळा त्या काळात चालू असतात की नाही, हे विचारून घ्यावे.

तिसरी बाब कायद्याची. वेतन नसले की ते काम नव्हे, अशी एक समजूत आहे; अनेक देशांचे कायदे ती मानीत नाहीत. भारताच्या ई-पर्यटक व्हिसावर परदेशीयाला विनामोबदला स्वयंसेवा करता येते ती फार तर एक महिना. ब्रिटनमध्ये अभ्यागत म्हणून गेलेल्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी तीस दिवसांपर्यंतच अशी मुभा आहे. नेपाळमध्ये पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा नियमबाह्य ठरते. मध्यस्थाने सांगितले म्हणून विमानतळावर खोटे कारण सांगणाऱ्या विद्यार्थ्याची समाजसेवा असत्यापासूनच सुरू होते. पकडला गेला तर परिणाम त्यालाच भोगावे लागतात, मध्यस्थाला नव्हे.

चौथी बाब घरच्या अनुभवाची. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे शिबिर, असा तिचा आराखडा आहे. तिची शिबिरे पुष्कळदा उरकली जातात, हेही सर्वश्रुत आहे. पण ज्या विद्यार्थ्याला आपल्या तालुक्यातील एखाद्या वाडीवर सात दिवस राहून तिथल्या पाण्याचा प्रश्न समजून घेता आला नाही, त्याला तीन आठवड्यांत केनियाचा प्रश्न समजेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. घरी जे काम येत नाही ते परदेशी गेल्याने येऊ लागत नाही. शिकविण्याचे प्रशिक्षण नसलेल्याने येथे वर्ग घेतला नसता, शुश्रूषेचे ज्ञान नसलेल्याने येथे कोणाला इंजेक्शन दिले नसते. तीच मर्यादा तेथेही पाळायला हवी.

या साऱ्यात विद्यार्थ्यांना एकट्यालाच दोष देणे अन्यायाचे होईल. परदेशी विद्यापीठांच्या प्रवेश अर्जात सेवेचा रकाना असतो, तो भरण्यासाठी पालक खिसा रिकामा करतात आणि महाविद्यालये प्रमाणपत्र पाहून कौतुक करतात. किती तास काम केले हे विचारले जाते. काय कळले आणि काय चुकले हे कोणी विचारीत नाही. महाविद्यालयांनी परतलेल्या विद्यार्थ्याकडून छायाचित्रांऐवजी यजमान संस्थेच्या जमाखर्चाचे टिपण मागितले, तर निम्मी दुकाने आपोआप बंद होतील.

जाण्याची इच्छा चांगली आहे. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी परक्या मुलखात जाऊन, तिथल्या माणसांच्या घरी राहून जे शिकता येते ते पुढे कोणत्याही ग्रंथालयात मिळत नाही. ती इच्छा जपण्यासाठीच एक साधे काम तिकीट काढण्यापूर्वी करावे. यजमान संस्थेला पत्र लिहावे आणि चार गोष्टी विचाराव्यात: हे काम आम्ही आलो नाही तर कोण करील? आमच्या फीतील किती रुपये तुमच्या गावात राहतात? मागच्या वर्षीच्या स्वयंसेवकांनी केलेल्या कामाचे आज काय झाले आहे? आणि आम्ही येऊन नुसते शिकलो, तर तुम्हाला चालेल काय? ज्या संस्थेचे काम सचोटीचे आहे ती या प्रश्नांनी रागावणार नाही. बहुधा चौथ्या प्रश्नाला ती आनंदाने होकार देईल. उत्तर टाळले गेले, तर पासपोर्ट कपाटात ठेवून ती सुट्टी घरच्या तालुक्यात घालवावी. तिथेही शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि भाषा येतेच.